करवंद, काकवी आणि बाबाबुडनगिरी

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाचा वास. संकष्टीला, एकादशीला, रात्री उशिरा पाहुणे आले तर, आणि मुलगी बघायला मंडळी आली तर हमखास. म्हशीचं दूध आटवायचं, साखर घालायची, इन्स्टंट कॉफीचा चमचा विरघळवायचा आणि वरून जायफळ किसायचं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळतं दूध पेल्यात देतात, त्या गावात कॉफीसुद्धा आधी दूध असते आणि मग कॉफी. ती कॉफी मला आजही आवडते, संकष्टीला मी तीच करते. हे आधीच सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते तिच्या विरोधात नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला भाचा बंगळुरूहून आला, तेव्हा त्यानं अडीचशे ग्रॅमचं एक पाकीट आणलं. आत सबंध बिया. पाकिटावर लिहिलेलं: बाबाबुडनगिरी, उंची १,३०० मीटर, जात एस. ७९५, वॉश्ड (म्हणजे फळ सोलून, बी धुऊन वाळवलेली), आणि भाजल्याची तारीख. त्याखाली चवी दिलेल्या: संत्र्याची साल, ब्लॅककरंट, डार्क चॉकलेट. "मावशी, ही दुधात घालू नको हं. एकाच मळ्याची आहे," एवढं सांगून तो भाऊबीज उरकून परत गेला.

पहिल्यांदा मी ती दुधातच घातली. मिक्सरला फिरवली, दुधात उकळली, साखर घातली. बरी लागली, पण नेहमीच्या कॉफीपेक्षा वेगळी काही नाही. दुसऱ्या दिवशी बिनदुधाची केली, चहासारखी पातेल्यात पाच मिनिटं खळखळ उकळून. ती इतकी कडू झाली की मी ओतून द्यायला निघाले होते. आण्णांनी हात पुढं केला. "आण हिकडं. बघू तरी."

आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडं राजारामपुरीत असतात. त्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती, चाळीस वर्षं. त्यांनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाक पुढं गेलाय. पण मागं कायतरी हाय गं ह्यात."

पाक पुढं गेलाय, हे गुऱ्हाळावरचं बोलणं. काहिलीतला रस वेळेत उतरवला नाही की गूळ काळा पडतो, कडवट होतो. माझं लहानपण अशा बोलण्यात गेलंय. दिवाळी झाली की आण्णांबरोबर गुळाच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला जायचं मला फार वेड होतं. गुळाच्या रव्याची, म्हणजे ढेपेची, एक खपली काढून ते जिभेवर ठेवत, चावत नसत. तसंच थांबून सांगत: हा पंचगंगेकाठच्या रानातला. हा खारपड जमिनीतला, मागं मीठ लागतंय. ह्यात चुन्याचा हात जड झालाय. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून ह्या गावानं गुळाचा व्यापार केला तो अशाच जिभांवर. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली. पण गूळ कुठल्या रानातला हे ओळखणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

त्या दिवशी आण्णांच्या बोलण्यावरून मला पहिल्यांदा वाटलं की कॉफीच्या पाकिटावर जे लिहिलंय ते आपल्याला परकं नाही. एकाच मळ्याची कॉफी म्हणजे एकाच रानातला गूळ. मिसळलेला नाही, म्हणून रान कळतं. मी भाच्याला फोन केला आणि म्हटलं, नीट शिकव.

त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती मिक्सर सोडण्याची. मिक्सरमध्ये अर्धी बी धुळीसारखी बारीक होते आणि अर्धी जाडीभरडी राहते. धुळीतून पाणी सगळा कडूपणा ओढून काढतं, भरडीतून धड काही उतरतच नाही. म्हणजे एकाच पेल्यात जळकं आणि कच्चं दोन्ही. मग हातानं फिरवायची छोटी गिरणी मागवली, अडीच हजारांना. नवऱ्यानं किंमत ऐकली आणि आपला चहा घेऊन बाल्कनीत गेला. एक चिनी मातीचा शंकू आणि त्यात बसणाऱ्या कागदी गाळण्याही आल्या. काटा मात्र मी गुजरीतून आणला. ओळखीच्या सराफाकडं जुना छोटा डिजिटल काटा पडून होता, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. सोनं तोललेल्या काट्यावर मी रोज सकाळी १५ ग्रॅम कॉफी तोलते, आणि ती त्या मानाची आहे असं मला मनापासून वाटतं.

पंधरा ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की कॉफीला हवं तितकं उतरतं. आधी फक्त ३० ग्रॅम पाणी ओतायचं आणि चाळीस सेकंद थांबायचं. बी ताजी भाजलेली असेल तर ह्या वेळी भुकटी फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, कारण भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. आण्णा हे बघायला रोज ओट्याशी येऊन उभे राहायचे. "रस पयल्यांदा उसळतो बघ, तसंच," म्हणायचे. मग उरलेलं पाणी बारीक धारेनं, गोल फिरवत. सगळं मिळून तीन मिनिटं.

इतकं करूनही पहिले पंधरा-वीस दिवस कॉफी आंबट व्हायची. नुसती आंबट, पातळ, घोट गिळला की संपली. मला वाटलं, हीच ती लोकांना आवडणारी आंबट चव, आपल्याला सवय नाही एवढंच. इथं मी चुकत होते, आणि बरेच जण इथंच कंटाळून सोडून देत असतील असं मला वाटतं. कॉफीत दोन आंबट असतात. एक कच्चेपणाचं: दळण जाड राहिलं किंवा पाणी निवलेलं असलं की बीतलं आम्ल तेवढं आधी उतरतं, गोडवा मागंच राहतो. दुसरं त्या फळाचं स्वतःचं. बाठा न धरलेली कैरी दातांना लागते ते एक, आणि पाडाला आलेला पायरी चोखताना कडेकडेनं जे आंबट लागतं ते दुसरं. दुसऱ्याच्या पाठोपाठ गोड येतं. मी गिरणी दोन खुट्ट्या बारीक केली, पाणी ओतायची धार आणखी बारीक केली, आणि एका सकाळी ते मागचं गोड आलं. काकवीसारखं. साखरेचं गोड नव्हे ते, भाजल्या साखरेचा किंचित कडसर वास असलेलं, जड गोड.

चवींची नावं हा माझा खरा अडथळा होता. ब्लॅककरंट मी आयुष्यात खाल्लेलं नाही. पाकिटावर लिहिलंय म्हणून मी ते शोधायची, सापडायचं नाही, आणि आपली जीभच कमी असं वाटायचं. तो अडथळा आण्णांनी काढला. त्यांनी वाचलंच नव्हतं पाकिटावर काय आहे ते. त्यांना बिनदुधाची कॉफीसुद्धा बशीतूनच लागते. एकदा बशी तोंडाला लावून भुरका मारला आणि म्हणाले, "करवंद हाय की ह्यात. काळं झाल्यालं, जोतिबाच्या वाटंवरचं." मी घोट घेतला. खरंच करवंद. पिकल्या करवंदाचं आंबटगोड आणि पाठीमागून त्याच्या सालीचा जिभेला किंचित ओढणारा तुरटपणा. मी दोन महिने ज्याला ब्लॅककरंट म्हणून शोधत होते ते मी लहानपणापासून खात आले होते.

त्या दिवशी मी अडतीतली एक कोरी वही काढली, लाल पुठ्ठ्याची, लांबट. तिच्यात आम्ही दोघं कॉफी लिहायला लागलो, आपल्या शब्दांत. भाजके शेंगदाणे. ओल्या खोबऱ्याची वाटी. जांभूळ. चिंचेचा कोळ. लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तो वास. कोकम. पुरणाला चटका लागतो तेव्हाचा वास. एका कॉफीपुढं आण्णांनी "गुळाच्या वखारीतलं पोतं, पावसाळ्यात" असं लिहिलंय. ती मॉन्सून्ड मलबार होती. ती करतातच तशी: किनाऱ्यावर मंगळुराकडच्या गोदामांमध्ये पावसाळ्याची दमट हवा बियांना खेळू देतात, बी फुगते, पिवळट होते, आंबटपणा जवळजवळ जातो. जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी वाटेतल्या ओलाव्यानं अशी बदलायची आणि तिकडं तीच चव रुळली. पुढं प्रवास वेगवान झाला, मग ती चव किनाऱ्यावरच मुद्दाम तयार करू लागले. आण्णांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना पोतं आणि पावसाळा लागला.

बशीचंही मला पुढं महत्त्व कळलं. मी कॉफी चहासारखी चटका बसेल अशी प्यायची. त्या तापमानाला जीभ फारसं काही ओळखत नाही. पेला कोमट होत जातो तशी चव उघडते, आंबट स्वच्छ होतं, गोड पुढं येतं. बशीत ती लवकर निवते, आणि भुरका मारला की तिचा फवारा होऊन वास घशाच्या मागून नाकात चढतो. कॉफीचे व्यावसायिक चव घेणारे लोक चमच्यानं असाच जोरात भुरका मारतात, त्यांच्या कामाचा तो भाग आहे. जिभेला कळतात त्या आंबट, गोड, खारट, कडू अशा मोजक्याच चवी, बाकी सगळं नाकाचं. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून गुळाचा खडा तोंडात टाका. नुसतं गोड लागेल. नाक सोडलं की गूळ येतो.

चुका आणखीही झाल्या. दोन लिहिण्यासारख्या आहेत. एकदा पाकीट संपेना म्हणून मी ते फ्रिजमध्ये ठेवलं, नुसतं चिमटा लावून. शेजारी कांदा-लसूण मसाल्याचा डबा. आठवड्यानं कॉफीला त्याचा वास आला आणि उरलेली सगळी गेली. भाजलेली कॉफी वास फार ओढते. आता मी हवाबंद डब्यात, ओट्यापासून लांब, अंधारात ठेवते आणि महिन्याभरात संपवते. भाजल्यावर पहिले सात-आठ दिवस मात्र तिला तशीच राहू द्यायची, आतला वायू निघून जाईपर्यंत. अगदी ताजी म्हणजे उत्तम, हे इथं खरं नाही.

दुसरी चूक पाण्याची. उन्हाळ्यात आम्ही दोन आठवडे गावाकडच्या मळ्यात होतो. तीच कॉफी, तोच काटा, तोच शंकू, आणि पेला मात्र खडूसारखा. करवंद नाही, काही नाही. बोअरचं पाणी होतं, भांड्याला पांढरा थर धरणारं. पाण्यात क्षार जास्त असले की कॉफीतलं आम्ल ते मारून टाकतात. घरी येऊन नळाच्या पाण्यावर केली तर सगळं परत जागेवर. पेल्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हे लक्षात आल्यावर मी त्याकडं पुन्हा दुर्लक्ष केलं नाही.

वर्षभरात मी बऱ्याच ठिकाणची कॉफी मागवली. अराकूची, कुर्गची, वायनाडचा रोबस्टा, शेवरॉय डोंगरांतली. सगळ्यांबद्दल लिहीत बसत नाही. पण दोन सकाळी विसरणार नाही. एक यिर्गाचेफेची, इथिओपियातली, भाच्याच्या मित्रानं आणलेली. भुकटीवर पाणी पडलं आणि स्वयंपाकघरात मोगरा आला. नवरासुद्धा बाल्कनीतून आत आला विचारायला, की गजरा कुणी आणला. अरेबिका कॉफीचं मूळ घर इथिओपियाच्या डोंगरातलं जंगल, हे वाचलेलं होतं. आपल्या पिण्यात कॉफी इतकी फुलासारखी असू शकते हे मात्र त्या दिवशी समजलं.

दुसरी सकाळ त्याहून मोठी. चिकमगळूरच्या एकाच मळ्याची दोन पाकिटं मागवली होती. डोंगर तोच, जात तीच, हंगाम तोच, भाजणीही सारखी. फरक एवढाच की एकाचं फळ सोलून, धुऊन बी वाळवलेली, आणि दुसऱ्याचं फळ सालीसकट सबंध वाळवलेलं. मी दोन सारख्या वाट्यांत दहा-दहा ग्रॅम जाडसर दळून घातली, वर गरम पाणी ओतलं, चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोडली, फेस काढून टाकला आणि निवू दिलं. धुतलेली स्वच्छ, लिंबाच्या अंगाची, मागून काकवी. सालीसकट वाळवलेली दाट, जवळजवळ मुरलेली, जांभळाच्या सरबतासारखी. आण्णा दोन्ही वाट्यांवरून आलटूनपालटून चमचा फिरवत राहिले. "रान येकच म्हणतीस?" त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, "म्हंजे गुळव्या येगळा."

ह्याहून नेमकं मला सांगता येणार नाही. ऊस एका रानातला असला तरी गुळव्या बदलला की गूळ बदलतो. मळी कधी काढली, भेंडीचं पाणी किती घातलं, काहील कधी उतरवली, सगळं त्याच्या हातात. कॉफीतही डोंगर, जात, उंची हे सगळं खरं, पण त्यावर माणसाचे दोन हात चालतात: एकदा वाळवणाऱ्याचा, एकदा भाजणाऱ्याचा. भाजणारा जास्त पुढं गेला की रान पुसलं जातं आणि फक्त भाजणी उरते. म्हणून एका मळ्याची कॉफी सहसा हलकी किंवा मध्यम भाजतात. आणि एक स्पष्ट सांगते. नुसतं एका मळ्याची म्हणून ती चांगली असं होत नाही. खारपडीतला गूळही एकाच रानातला असतो. उलट जाणत्यानं केलेलं मिश्रण फार सुंदर असू शकतं. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी ही वेगळी, जुनी आणि सच्ची गोष्ट आहे, पाकिटावर टक्के छापलेले असतात, ती दुधातच शोभते. एका मळ्याच्या कॉफीत फक्त एवढं होतं की ती कुठून आली हे तुम्ही विचारू शकता आणि उत्तर मिळू शकतं.

ते उत्तर बघायला आम्ही गेल्या जानेवारीत गेलो. मी, आण्णा आणि भाचा. बेळगाव, हुबळी, हावेरी करत शिमोग्याला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तरीकेरेवरून चिकमगळूर. वाटेत आण्णा शाहू महाराजांबद्दल बोलत होते. महाराजांनी पन्हाळ्याकडं चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते, ते तगते तर आज आपल्याला इतकं लांब यावं लागलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात कॉफी होते ती विदर्भात, चिखलदऱ्याला. इथून ते चिकमगळूरपेक्षाही लांब.

सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून परतताना येमेनमधून सात बिया घेऊन आले आणि ह्या डोंगरांत लावल्या, अशी तिकडची परंपरा सांगते. डोंगराला नाव त्यांचंच. मी ते पाकिटावर वाचलं होतं, पण धुक्यात ती रांग समोर उभी राहिली तेव्हा आण्णांनी चप्पल काढून नमस्कार केला.

मळा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर उसाचं रान होतं, उघडं, सरळ सऱ्यांचं. हे तर जंगल निघालं. वर उंच सिल्व्हर ओक, फणस, जंगली अंजिराच्या जातीची झाडं, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, आणि त्या सावलीत माणसाच्या उंचीची कॉफीची झुडपं. आण्णांना अडतीच्या व्यवहारामुळं निपाणी-संकेश्वरकडचं कन्नड येतं. तिथल्या मॅनेजरशी त्यांचं लगेच जमलं. त्यांचा पहिला प्रश्न किडीचा. उत्तर मिळालं ते आपल्याच शेतकऱ्याच्या तोंडचं: तांबेरा आणि खोडकिडा. अरेबिकाचा पांढरा खोडकिडा उन्हातली झाडं धरतो, म्हणून सावली राखावी लागते. आणि तांबेऱ्यानं तर १८६९ नंतर सिलोनची कॉफी संपवली, तिथं चहा आला तो त्यामुळं. एस. ७९५ ही जात बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात तांबेऱ्याला तोंड देण्यासाठीच तयार झाली. आपल्या ऊस व गूळ संशोधन केंद्रानं गुळासाठी को ९२००५ हा ऊस दिला, तसंच हे. पाकिटावरचा तो आकडा मी वर्षभर वाचत होते, त्याचा अर्थ त्या झाडाला हात लावून समजला.

तोडणी चालली होती. एकाच झुपक्यात हिरवी, पिवळी, लाल फळं असतात, आणि बायका त्यातली फक्त लाल तेवढी खुडत होत्या. हात थांबत नव्हता आणि हिरवं फळ पडत नव्हतं. दोन आठवड्यांनी त्याच झाडाला पुन्हा फेरी, मग आणखी एक. मी तासभर त्यांच्याबरोबर खुडलं आणि माझ्या पाटीत हिरव्या फळांची भर जास्त झाली. एका बाईनं न बोलता ती सगळी वेचून काढून दिली. लाल फळ फोडून चाखलं तर गर अगदी थोडा, बुळबुळीत, गोड. कॉफीची चव त्याला अजिबात नाही.

संध्याकाळी फळं मोजून हौदात टाकली. पोकळ ती तरंगली, ती बाजूला. बाकीची यंत्रातून सोलून रात्रभर टाकीत, त्या बुळबुळीतल्या साखरेला आंबायला. सकाळी मॅनेजर टाकीशी गेले, मूठभर बिया उचलल्या आणि तळव्यांत चोळल्या. निसटल्या नाहीत, वाळूसारख्या खरखरल्या. तेव्हा म्हणाले, झालं, धुवा. आण्णा त्या हाताकडं बघत होते. काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी करून बघणारा गुळव्या त्यांना दिसत होता, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. घड्याळ दोघांकडंही असतं. पण ठरवतो हात.

मग आठ-दहा दिवस वाळवण. दिवसातून कितीदा तरी हलवायचं, रात्री दवापासून झाकायचं. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी निघते, भाजताना तिचं वजन आणखी घटतं. म्हणजे माझ्या अडीचशे ग्रॅमच्या पाकिटामागं दीड किलोहून जास्त लाल फळं, एकेक करून खुडलेली. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ, हा हिशेब पाठ असलेल्या आण्णांनी तो आकडा दोनदा विचारून वहीत टिपला. मी पाकिटाला सहाशे रुपये देते, पेल्याला छत्तीस रुपये पडतात, आणि आधी मला ते महाग वाटायचं. त्या बायकांच्या बोटांकडं बघितल्यावर मी तो विचार सोडला. मी रोज दोनदा पीत नाही, एकदाच पिते, आणि पिताना दुसरं काही करत नाही.

ह्या वर्षी त्याच मळ्याचं, त्याच प्लॉटचं पाकीट आलं. तीच जात, तीच उंची, वॉश्ड. पंधरा ग्रॅम तोलली, दळली, केली. आण्णांनी बशीत ओतून घेतली, भुरका मारला आणि माझ्याकडं बघितलं. मलाही तेच लागलं होतं. गोड होती, भरपूर, जड. पण आंबट मागं सरलं होतं. मी गिरणी तपासली, पाणी तपासलं, पुन्हा एकदा केली. तेच.

"तोडणी लांबली असणार," आण्णा म्हणाले. "फळ झाडावर जास्त पिकलंय. लाव फोन."

मी फोन आण्णांच्याच हातात दिला. पाच मिनिटं कन्नडमध्ये चाललं होतं. ह्या हंगामात मजूर वेळेवर मिळाले नाहीत, त्या प्लॉटची फेरी दहा-बारा दिवस मागं पडली, असं मॅनेजर सांगत होते. तिकडून त्यांनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

फोन ठेवून आण्णांनी लाल वही ओढली, चष्मा लावला आणि तारीख घालून गेल्या वर्षीच्या ओळीखाली लिहिलं: करवंद कमी, काकवी जास्त.